तारण होण्यासाठी येशूला देव मानावेच लागते का?

२०२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस पोप लिओ चौदावे तुर्कस्तानात इझनिकला गेले आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासोबत त्यांनी तिथल्या तळ्याकाठी, एका प्राचीन बॅसिलिकेच्या अवशेषांजवळ प्रार्थना केली. इझनिक म्हणजेच पूर्वीचे नायसिया. इ.स. ३२५ मध्ये तिथे जमलेल्या बिशपांनी ‘येशू ख्रिस्त कोण?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले. पुढे त्यात भर पडली, आणि ते आजही जगभरच्या चर्चमध्ये, आपल्याकडे वसईतल्या मिस्सातही (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतही), मोठ्याने म्हटले जाते.

या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. समजा, एखाद्याला येशूची शिकवण मान्य आहे. तो क्रुसावर आपल्यासाठी मेला, पुन्हा उठला, तो आपला तारणारा आहे, हेही मान्य आहे. पण तो स्वतः देव आहे, हे मात्र पटत नाही. अशा माणसाचे तारण होते की नाही? ख्रिस्ती घरांत हा वाद जेवणाच्या वेळीसुद्धा पेटतो, आणि ख्रिस्ती नसलेल्याला तर कळतच नाही की एवढ्यावरून माणसे एकमेकांना नरकात का पाठवतात.

माझे म्हणणे असे की हा दिसायला एक प्रश्न असला, तरी त्यात दोन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. ते सुटे केले की वाद संपत नाही, पण नेमका कुठे आहे ते तरी दिसते.

आधी ‘तारण’ म्हणजे काय

तारण म्हणजे मोक्ष, असे आपण पटकन समजतो. पण ख्रिस्ती विचारात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची कल्पना नाही. माणूस पापामुळे देवापासून तुटला आहे, हे तुटलेपण त्याला स्वतःच्या बळावर सांधता येत नाही आणि त्याचा शेवट मरणात होतो, असे हा विचार मानतो. देवाने स्वतःहून ते नाते जोडणे, पापाची क्षमा आणि सार्वकालिक जीवन देणे, हे तारण. ते पुण्य साठवून मिळत नाही. ते दान आहे आणि विश्वासाने स्वीकारायचे आहे. पण विश्वास नेमका कशावर ठेवायचा, इथूनच आपला प्रश्न सुरू होतो.

दुसरा शब्द ‘त्रैक्य’. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींमध्ये तो एकच देव आहे, ही शिकवण. तीन देव, किंवा एकाच देवाची तीन सोंगे, असे ख्रिस्ती लोक म्हणत नाहीत. दोन्ही मते चर्चने फार पूर्वीच नाकारली.

नायसियात भांडण कशावरून झाले

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. लोकांना वाटते की येशू साधा माणूस होता, असे तो म्हणत असे. तसे नव्हते. एरियसच्या मते पुत्र जगाच्या आधीपासून होता, त्याच्याच द्वारे जग निर्माण झाले, कोणताही देवदूत त्याची बरोबरी करू शकत नाही. फक्त, तोही निर्माण केलेला होता. देवाची पहिली आणि सर्वोच्च निर्मिती. ‘तो नव्हता, असा एक काळ होता’ हे त्याचे गाजलेले वाक्य. खलाशांनी, गिरणीवाल्यांनी, वाटसरूंनी म्हणावीत अशी पदे रचून त्याने हे मत पसरवले, असे जुने इतिहासकार सांगतात.

त्याचा बिशप अलेक्झांडर आणि त्या बिशपाचा तरुण मदतनीस अथनेशियस यांनी याला कडाडून विरोध केला. पुढे अथनेशियसने जो युक्तिवाद मांडला, त्याचा सारा जोर तारणावर होता. निर्माण झालेली कोणतीही वस्तू, कितीही थोर असली, तरी ती निर्मात्याच्या अलीकडची. ती स्वतःच देवाच्या कृपेवर जगते. मग ती दुसऱ्याला देवाशी कशी जोडणार? माणसाला देवाच्या जीवनात सामील करून घेणे फक्त देवालाच शक्य आहे. म्हणजे येशू तारतो हे खरे असेल, तर येशू देव असलाच पाहिजे. त्याने दुसरेही एक बोट ठेवले: ख्रिस्ती लोक येशूची प्रार्थना करतात, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात. तो निर्मिती असेल, तर ही सारी मूर्तिपूजाच ठरेल.

परिषदेने अथनेशियसच्या बाजूने कौल दिला. पुत्र ‘पित्याशी एकतत्त्व’ आहे, म्हणजे पिता ज्या अर्थाने देव आहे त्याच अर्थाने पुत्रही देव आहे, असे मतांगीकारात लिहिले गेले. मतांगीकार म्हणजे चर्च काय मानते याचा थोडक्यात जाहीरनामा. सही न करणाऱ्यांत एरियस आणि त्याच्यासोबतचे दोनच बिशप उरले.

दोन प्रश्न वेगळे करू या

आजोबांच्या काळात गहाण पडलेली जमीन आहे असे धरा. कर्ज इतके वाढले आहे की तुमच्या दोन पिढ्या राबल्या तरी फिटणार नाही. एक दिवस निरोप येतो की कोणीतरी सगळी रक्कम भरली आहे, या आणि कागद घेऊन जा. इथे दोन गोष्टी तपासता येतात. भरणाऱ्याकडे खरोखर तेवढा पैसा होता का? नसेल, तर जमीन सुटलेलीच नाही, तुम्ही कितीही मनापासून विश्वास ठेवा. आणि तो भरणारा कोण, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे का? नसले तरी कर्ज फिटलेलेच असते. तुम्ही निरोपावर भरवसा ठेवून कागद आणायला जाता की नाही, एवढेच उरते.

अथनेशियसचा युक्तिवाद पहिल्या गोष्टीबद्दल आहे. तारणारा देव असायलाच हवा, नाहीतर तारणच घडत नाही. मला हा युक्तिवाद भक्कम वाटतो. पण ‘तारणारा देव असला पाहिजे’ यातून ‘तारला जाणाऱ्याने त्याला देव म्हटलेच पाहिजे’ हे आपोआप निघत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागतो. वादात बहुतेक वेळा हीच पायरी गाळली जाते.

मात्र या उदाहरणात एक तिसरा माणूसही आहे. ‘त्या भरणाऱ्याकडे एवढा पैसा असूच शकत नाही’ असे म्हणून जो कागद आणायला जातच नाही, तो. न जाणणे आणि नाकारणे यांत फरक आहे. हे पुढे लागेल.

मग बायबल विश्वास ठेवणाऱ्याकडून काय मागते?

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या पिढीचे प्रचारक लोकांना काय सांगत होते, ते आहे. येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमेत म्हणतो की देवाने या येशूला प्रभू आणि ख्रिस्त केले आहे. फिलिप्पैच्या तुरुंगातला अधिकारी विचारतो, तारण व्हावे म्हणून मी काय करू? उत्तर मिळते, प्रभू येशूवर विश्वास ठेव. त्या रात्री त्याला त्रैक्याचा धडा दिल्याची नोंद नाही, आणि पहाटेपूर्वी बाप्तिस्मा होतो. क्रुसावर येशूशेजारी लटकलेला गुन्हेगार तर एवढेच म्हणतो की आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळते.

१६९५ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने याच धाग्यावर सगळी मांडणी केली. प्रेषितांनी मागितले ते एवढेच की येशू हा मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला अभिषिक्त राजा आहे, हे माना आणि पश्चात्ताप करा. तेवढे पुरेसे आहे. यावरून लॉकवर छुपा त्रैक्यविरोधक असल्याचा आरोप झाला. हा आरोप हलका नव्हता, कारण इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणे १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता.

पण दुसरी बाजूही वजनदार आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पहिल्या पिढीतला प्रचारक पौल म्हणतो की येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरशील, तर तुझे तारण होईल. ‘प्रभू’ म्हणजे नुसते मालक, साहेब, असा अर्थ इथे चालला असता. पण चारच ओळी पुढे पौल योएल संदेष्ट्याचे वचन उद्धृत करतो: जो कोणी प्रभूचे नाव घेऊन धावा करील त्याचे तारण होईल. योएलच्या पुस्तकात तो प्रभू म्हणजे इस्राएलचा एकमेव देव. पौल ते वचन सरळ येशूला लावतो. म्हणजे पौलाच्या मनात ही कबुली फार मोठी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, येशू म्हणतो की ‘मी तो आहे’ असा विश्वास तुम्ही धरला नाही तर आपल्या पापांत मराल; जुन्या करारात देव स्वतःबद्दल अशाच शब्दांत बोलतो. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटाकडे संशयी शिष्य थोमा पुन्हा उठलेल्या येशूला पाहून म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’, आणि येशू त्याला अडवत नाही.

मला वाटते, प्रामाणिक वाचकाला दोन्ही मान्य करावे लागते. विश्वासाच्या दारात पाऊल टाकताना फार थोडे मागितले जाते. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा, त्याचे वर्णन मात्र पुढच्या प्रत्येक पानावर वाढत वाढत देवापर्यंत जाते.

‘पण येशूने स्वतः कुठे म्हटले की मी देव आहे?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. एका माणसाने ‘उत्तम गुरुजी’ म्हटल्यावर येशू विचारतो, मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय कोणी उत्तम नाही. ‘माझा पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही त्याचेच शब्द. शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असेही तो सांगतो. एरियसच्या पक्षाने ही सगळी वचने पुढे केली होती.

चर्चचे उत्तर इ.स. ४५१ च्या खाल्किदोन परिषदेत पक्के झाले: येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. त्याला भूक लागते, तो थकतो, रडतो, काही गोष्टी त्याला ठाऊक नसतात, तो पित्याची प्रार्थना करतो, हे त्याच्या माणूसपणातले आहे. उत्तर सुसंगत आहे. पण ते समजायला चर्चला चारशे वर्षे आणि चार परिषदा लागल्या, हेही लक्षात ठेवायला हवे. चार शतकांच्या विद्वानांना जे ठरवताना घाम फुटला, ते शेतात काम करणाऱ्या बाईने बाप्तिस्म्याच्या दिवशी बिनचूक सांगावे, नाहीतर तिचे तारण नाही, असे म्हणणारा माणूस तारणाला परीक्षेचा पेपर करून टाकतो.

‘हे सगळे सम्राटाने ठरवले’

येशू तीनशे वर्षे माणूस होता आणि सम्राट कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन त्याला देव केले, ही कथा समाजमाध्यमांवर जोरात फिरते. ती चूक आहे. इ.स. ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी आपल्या सम्राटाला कळवतो की ख्रिस्ती लोक पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. हा विरोधकाचा अहवाल आहे आणि नायसियाच्या दोनशे वर्षे आधीचा आहे.

कॉन्स्टंटाइनला साम्राज्यात शांतता हवी होती, म्हणून त्याने परिषद बोलावली हे खरे. पण काही वर्षांतच त्याचे मन एरियसच्या बाजूने झुकले. मरणापूर्वी ३३७ मध्ये त्याला बाप्तिस्मा दिला तो निकोमेडियाच्या युसेबियसने, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याने. त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्टियसने तर उघडपणे नायसियाविरोधकांना बळ दिले. अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. राजसत्तेच्या जोरावर निकाल लागला असता, तर कदाचित एरियसचा पक्षच जिंकला असता. नायसियाची बाजू खऱ्या अर्थाने स्थिर झाली ती ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतर.

रोमन साम्राज्याच्या सीमेवरच्या गॉथ या जर्मानिक लोकांचे उदाहरण मला इथे महत्त्वाचे वाटते. चौथ्या शतकात उल्फिलास नावाच्या बिशपाने त्यांच्यासाठी बायबलचे भाषांतर केले. हा बिशप नायसिया न मानणारा. त्यामुळे गॉथांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच मताच्या ख्रिस्ती राहिल्या. स्पेनमधल्या गॉथांनी ५८९ मध्ये, टोलेडोच्या परिषदेत, मत बदलले. त्याआधीच्या दोनशे वर्षांत येशूच्या नावाने जन्मले, प्रार्थना करून मेले, त्या लाखो साध्या माणसांचे काय? ज्यांना दुसरे काही शिकवलेच गेले नाही, त्यांनी काय नाकारले?

चर्चने काय उत्तर दिले

एकच उत्तर दिले नाही. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा, पण त्याने न लिहिलेला, एक लॅटिन मतांगीकार आहे. तो स्पष्ट म्हणतो की ज्याला तारण हवे त्याने त्रैक्य आणि येशूचे देवत्व मानलेच पाहिजे, न मानणारा नाश पावेल. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनास थोडा वेगळा सूर लावतो. ख्रिस्त आल्यानंतर या गोष्टी स्पष्टपणे मानणे आवश्यक आहे, असे तोही म्हणतो. पण सामान्य माणसाने सणांतून आणि उपासनेतून जे सर्वांसमोर येते तेवढे मानावे, बारकावे ज्याच्या त्याच्या जबाबदारीप्रमाणे. १९६४ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची सुवार्ता कळलीच नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या याला कबूल होत नाहीत. विश्वास ठेवण्याच्या क्षणी सगळे समजले नाही तरी चालेल, पण समजल्यावर येशूचे देवत्व नाकारणाऱ्याचा विश्वास दुसऱ्याच कुठल्या येशूवर आहे, असे त्या म्हणतात.

सभासदत्वाचा प्रश्न मात्र वेगळा, आणि तिथे चर्च ठाम आहे. जागतिक चर्च परिषद १९४८ मध्ये स्थापन झाली तेव्हाच येशूला देव आणि तारणारा मानणाऱ्या मंडळ्यांची संगत, अशी तिची व्याख्या ठरली. १९६१ मध्ये नवी दिल्लीच्या अधिवेशनात त्या व्याख्येत त्रैक्याचाही उल्लेख आला. येशूला देवाची पहिली निर्मिती मानणारे यहोवाचे साक्षीदार या वर्तुळाबाहेर आहेत. मला यात गैर वाटत नाही. आम्ही काय मानतो, हे सांगायचा हक्क प्रत्येक समाजाला आहे. पण ‘तू आमच्या मंडळीत बसत नाहीस’ आणि ‘तू देवाला मुकलास’ ही दोन वाक्ये एक नाहीत. ती एक मानली की काय होते, ते १५५३ मध्ये जिनिव्हात दिसले. त्रैक्य नाकारणाऱ्या मिगेल सर्वेटसला तिथे जिवंत जाळले. मरताना त्याने ‘येशू, सनातन देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर’ असा धावा केला, असे सांगतात. ‘देवाच्या सनातन पुत्रा’ असे, म्हणजे पुत्रही सनातन आहे असे, म्हटला असता, तर त्याच्या न्यायाधीशांचे समाधान झाले असते. येशूकडेच दया मागत मरणाऱ्या माणसाला येशूच्याच नावाने जाळले गेले, हे वाचताना आजही संताप येतो.

विचार करून नाही म्हणणारा: रमाबाईंचे उदाहरण

न जाणणाऱ्याबद्दल बहुतेक जण मऊ होतात. खरी अडचण असते ती शिकून, वाचून, विचार करून ‘हे मला पटत नाही’ म्हणणाऱ्याची. आपल्याकडे अशी एक व्यक्ती होऊन गेली.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतर चेल्टनहॅमला असताना त्यांनी वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, त्याचा मोठा भाग याच प्रश्नावर आहे. रमाबाई जेराल्डिनना मायेने ‘आजीबाई’ म्हणत, पण वादात तसूभर मागे हटल्या नाहीत. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण तो सर्वसमर्थ देवाच्या बरोबरीचा आहे, हे त्यांना बायबल वाचून पटत नव्हते. त्रैक्याची शिकवण चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे मानेवर घेणार नाही, मला स्वतःची विवेकबुद्धी आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. जेराल्डिन यांना हा हट्ट आणि अहंकार वाटला.

काही वर्षांनी, भारतात परतल्यावर, रमाबाईंची श्रद्धा बदलली आणि येशूच्या देवत्वाबद्दलचा त्यांचा विरोध मावळला. १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी म्हटले की सुरुवातीला मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. कडक मताचे लोक हे वाक्य पुराव्यासारखे पुढे करतात: पाहा, देवत्व मानत नव्हत्या तोवर तारण नव्हते, असे त्या स्वतःच म्हणतात.

पण ती साक्ष पूर्ण वाचली की रमाबाई वेगळेच काही सांगताना दिसतात. आपल्याला कोणत्या सिद्धांताची कमतरता होती, याचा हिशेब त्या मांडत नाहीत. सिद्धांत तर त्यांना वाँटेजमध्ये आणि चेल्टनहॅममध्ये भरभरून ऐकवले गेले होते. त्या सांगतात की मी एका धर्मावर भिस्त ठेवली होती, आणि नंतर जशी आहे तशी, रिकाम्या हातांनी, येशूच्या स्वाधीन झाले. येशू देव आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी सोडवले आणि मग विश्वास ठेवला, असा क्रम तिथे नाही. त्यांनी आधी भरवसा टाकला. देवत्वाची कबुली त्याच्या मागोमाग आली.